मावळायच्या आत मावला

आदिलाबादजवळच्या मावल्याला जायचे, असे मी गेली सात-आठ वर्षे म्हणतो आहे. तिथे माझी थोरली बहीण राहते. आमच्या औरादकडे मराठी बोलणारे काय आणि कन्नड बोलणारे काय, थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. त्यामुळे घरात निदान या एका शब्दावरून तरी वाद नाही. फोनवर अक्का विचारते, "कधी येतोस?" मी म्हणतो, "दिवाळी झाली की." कुठली दिवाळी, हे मी सांगत नाही आणि आता तीही विचारत नाही.

यंदा मात्र हा विषय घरात नव्हे, स्टाफरूममध्ये निघाला. दिवाळीनंतर शनिवार-रविवार धरून मोटारसायकलींवर कुठेतरी डोंगरात जाऊन यावे, अशी टूम आमच्या एका तरुण सहकाऱ्याने काढली. दुसऱ्या दिवशी तो यादीच घेऊन आला. बासरची सरस्वती, निर्मलची लाकडी खेळणी, महबूब घाट, कुंतालाचा धबधबा, पोचेराचा धबधबा, केसलापूरचा नागोबा, जोडेघाट. शनिवारी पहाटे चारला निघायचे, रविवारी रात्री बारापर्यंत घरी! आमचे हेडक्लार्क यादी वाचून म्हणाले, "सर, ही सहल आहे की टपाल वाटायचे काम?"

सगळे हसले. मी हसलो नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

आधी रस्त्याचे सांगतो, कारण शिकवायचा विषय इतिहास असल्यामुळे मला त्याशिवाय राहवत नाही. औरादहून देगलूर, बिलोली, धर्माबाद, मग बासर, भैंसा, निर्मल, आणि घाट चढून मावला. म्हणजे कर्नाटकातून निघून महाराष्ट्र ओलांडून तेलंगणात. आज तीन राज्ये, पण १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी हा सारा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता. त्या दिवशी आपला बीदर म्हैसूर राज्यात गेला, मराठवाडा मुंबई राज्यात आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात. बीदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा तिकडे गेले. आदिलाबादचे किनवट आणि राजुरा महाराष्ट्राच्या बाजूला आले, तर नांदेडकडचे मुधोळ-भैंसा आदिलाबादला जोडले गेले. पुढे २०१४ मध्ये तेलंगण झाले, २०१६ मध्ये आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि मावला हे मंडलाचे गाव झाले. माणसे जागेवरच राहिली, जिल्हे तेवढे हलत राहिले. सोयरिकी मात्र कुणी पुन्हा वाटून घेतल्या नाहीत. म्हणूनच औरादची पोरगी मावल्याला नांदते, तिच्या घरात सून तेलुगू बोलते आणि भाजीवाल्याशी भाव मराठीत होतो.

आता न हसण्याचे कारण. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण पाच गाड्यांवर असेच उदगीरकडून परत येत होतो. ऑक्टोबर अखेरचे दिवस. सोयाबीनची रास निघाली की आपल्याकडे डांबरी रस्ताच खळे होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. कडेने दगड मांडायचे, आत शेंगा-दाणे पसरायचे. संध्याकाळी माल उचलतात, पण दगड आणि सांडलेले दाणे तिथेच राहतात. मी सगळ्यात पुढे होतो. अंधार पडायच्या आत घर गाठायचे म्हणून वेग वाढवला. पुढे अठरा किलोमीटरवर हॉटेल दिसले, थांबलो आणि पाच चहा सांगितले. चहा आले, ग्लास उचलायला हात मात्र चारच!

आमचा मित्र सगळ्यात मागे होता. दाण्यांवरून त्याचे चाक घसरले होते. आम्ही उलटे फिरलो, तेव्हा तो रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसला होता. गळपट्टीचे हाड मोडले होते. एका ट्रॅक्टरवाल्याने त्याला उचलून बाजूला बसवले, पाणी पाजले. पाऊण तास तो तिथे होता. आमच्यावर तो चिडला नाही. दवाखान्यात एवढेच म्हणाला, "पडलो त्याचे काही नाही रे. तुमच्या गाड्यांचे लाल दिवे लांब लांब जाताना दिसत होते, ते बघवेना."

ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. त्यानंतर दोन वर्षे मी गावाबाहेर गाडी काढली नाही. अक्काकडे जाणे लांबले, त्यातले एक कारण हेही होते; तिला मात्र मी परीक्षांचे काम सांगत आलो.

यंदाचा बेत ठरू लागला तेव्हा पहिल्यांदा त्या मित्राकडेच गेलो. तो अजून हात पूर्ण वर करू शकत नाही, खांदा ओढतो. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "येतो. पण तू पुढे नाही राहायचे. तू मागे."

मग मी घरी येऊन चार्टपेपर पसरला आणि नव्याने आखणी केली. सहा माणसे, पाच गाड्या. माझा वीस वर्षांचा मुलगा माझ्या मागे बसणार. सगळ्यात पुढे आमचे भौतिकशास्त्राचे सर, कारण त्यांची गाडी शंभर सीसीची आणि वयाने ज्येष्ठ. ती पन्नासच्या वर जात नाही, म्हणून कुणीच जायचे नाही. बुलेटवाल्या हेडक्लार्कना हे पचायला दोन दिवस लागले. दुसरा माझा मित्र. शेवटी मी. आरशात मागची गाडी दिसली नाही तर वेग कमी करायचा, तरीही दिसली नाही तर थांबायचे. प्रत्येक फाट्यावर मागचा नजरेत आल्याशिवाय वळायचे नाही. हा नियम पाळला तर शेवटचा माणूस कधी हरवत नाही, कारण प्रत्येकावर फक्त एकाच माणसाची जबाबदारी असते.

दोन गाड्यांत अंतर किती ठेवावे, याचाही सोपा हिशोब आहे. पुढची गाडी एखाद्या दगडाजवळून गेली की "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणायचे. तेवढे म्हणून होईपर्यंत आपण त्या दगडापाशी पोचता कामा नये. ओल्या रस्त्यावर अंतर दुप्पट. घाटात ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडायची नाही, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून ढिले पडतात. दर पन्नास किलोमीटरला पाच मिनिटे थांबा. पेट्रोल सगळ्यांनी एकाच पंपावर भरायचे, सगळ्यात लहान टाकीच्या हिशोबाने. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना बघायची. चेनला तेल, एक जादा क्लच केबल, पंक्चरचे सामान. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागच्यालाही, सरकार बघते म्हणून नव्हे. ११२ हा संकटकाळचा नंबर तिन्ही राज्यांत चालतो आणि राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आहे. दोन्ही नंबर प्रत्येकाच्या खिशात कागदावर लिहून; मोबाईल पडला की सगळ्यात आधी तोच फुटतो.

निर्मलनंतरचा रस्ता म्हणजे श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग, आपण ज्याला पूर्वी सात नंबर म्हणत होतो तो. रस्ता रुंद आहे, पण नागपूर-हैदराबादचे ट्रक त्यावरूनच धावतात. शिवाय आदिलाबाद म्हणजे कापसाची मोठी बाजारपेठ. दिवाळीनंतर कापूस भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रस्त्यावर येतात आणि मागे लाल दिवा असेलच असे नाही. म्हणून चार्टपेपरवर सगळ्यात वर लिहिले: सूर्य मावळायच्या आत मावला. हे वाक्य सगळ्यांना पटकन पाठ झाले, इतर नियम तितकेसे नाही.

मग यादीला कात्री लावली. जोडेघाट काढला. कोमरम भीम १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांशी लढताना जिथे पडले, ती जागा वाटेवरच्या फोटोपुरती नाही. तिथे वेगळे, सवडीने जायला हवे. केसलापूरही काढले. नागोबाची जत्रा पौष अमावास्येला भरते. मेसराम कुळातले गोंड लोक त्यासाठी पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. ते अनवाणी चालत जातात आणि आम्ही अर्ध्या तासात दर्शन 'उरकणार', हे मनाला पटेना.

बासर ठेवले, कारण ते वाटेवर आहे आणि माझ्या मुलाची पाटी तिथेच पुजली होती. कुंताला आणि पोचेरा ठेवले, पण रविवारी, मावल्याहून, सामान अक्काकडे ठेवून, मोकळ्या गाड्यांनी. कुंतालाला कडेम नदी सुमारे पंचेचाळीस मीटर खाली कोसळते आणि पायथ्याशी जायला चारएकशे पायऱ्या आहेत. धबधब्याजवळ सोमेश्वराचे ठाणे आहे, महाशिवरात्रीला तिथे गर्दी होते. पण याच पाण्यात आजवर अनेक जण बुडाले आहेत. वरून शांत दिसणारे पाणी खाली कपारीत ओढते आणि शेवाळलेल्या दगडावर पाय ठरत नाही. पोचेराची उंची कमी, पण डोह खोल. म्हणून नियम लिहिला: पाणी डोळ्यांनी बघायचे, पायांनी नाही. मुलाने तोंड वाकडे केले, तरी सही केली. हो, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आहेत.

तरुण सहकारी म्हणाला, "सर, म्हणजे दोनच धबधबे आणि सोमवारची रजा?" मी म्हटले, "हो. दोन धबधबे आणि सहा माणसे परत." सोमवारी परतीला दिवस पूर्ण हवा. दोन दिवसांत पाचशेच्या वर किलोमीटर कापून सोमवारी वर्गात जांभया देण्यापेक्षा एक किरकोळ रजा बरी. बऱ्याच घरांत सहलीचा बेत म्हणजे काय काय बघायचे याची यादी असते. मला आता वाटते, बेत म्हणजे काय सोडायचे आणि कुणासाठी थांबायचे, हे घरातून निघण्याआधी ठरवणे. रस्त्यावर गेल्यावर ते ठरत नाही. तिथे जो पुढे असतो त्याचेच खरे होते. मी पुढे होतो, म्हणून सांगतो.

घरची परवानगी शिल्लक होती. बायकोने चार्टपेपर नीट वाचला. तिने तीनच प्रश्न विचारले. किती वाजता पोचणार? फोन कुठून कुठून करणार? आणि मागे कोण? मी म्हटले, "मी." ती काही बोलली नाही. उठून ज्वारीच्या कडक भाकरी किती लागतील ते मोजू लागली. सोबत शेंगा हिंडी. मी तिला चटणी म्हणतो, ती हिंडीच म्हणते.

काल रात्री अक्काला फोन केला. या शनिवारी येतो म्हटल्यावर पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "खरंच?" मी तिला परीक्षांचे खरे-खोटेही सांगून टाकले, मित्राचेही. ती म्हणाली, "त्यालाही घेऊन ये. भाऊजी तलावापर्यंत सामोरे येतील. घाई करू नका, सावकाश या."

फोन ठेवला तर स्वयंपाकघरातून बायको विचारते, अक्का काय म्हणाली? मी सांगितले. ती हसून म्हणाली, "अष्टे नानू हेळोदु. सावकाश होगि बर्री."

वाचकहो, आपल्या दोन्ही भाषांत हा शब्द एकच आहे, हे इतकी वर्षे संसार करून माझ्या काल लक्षात आले. तुम्हीही कुठे निघणार असाल तर आधी गाड्या मोजा, मग सगळ्यात मागे कोण राहणार ते ठरवा, आणि मगच ठिकाणांची यादी करा.

आज संध्याकाळी मित्र गाडी घेऊन येऊन गेला. मला वीस पावले मागे उभे केले, आपल्या सीटवर बसला आणि मी दिसेपर्यंत आरसा फिरवत राहिला.