चकाकी ओट्याची, धूळ फुप्फुसात

लोहा, कंधारसारख्या तालुक्याच्या गावांतही आता नव्या घराच्या स्वयंपाकाचा ओटा ग्रॅनाइटचाच हवा असतो. कडा गोल हव्यात, त्यात चेहरा दिसला पाहिजे. हे काम करते हँड ग्राइंडरला लावलेली तळहाताएवढी चकती. कारागीर तिला ‘पॅड’ म्हणतात. रेझिन नावाच्या कडक प्लास्टिकमध्ये कृत्रिम हिऱ्याचे बारीक कण पेरून ती बनवतात. ५० नंबरच्या खरखरीत पॅडपासून सुरुवात होते आणि ३००० नंबरपाशी आरसा उमटतो.

कल्पना जुनीच आहे. आपल्याकडचे कारागीर पूर्वी लाख वितळवून त्यात कुरुंदाची पूड मिसळत आणि साणेचे चाक घडवत. लाख म्हणजे निसर्गातले प्लास्टिकच. तत्त्वही तेच आहे. घासताना वरचा कण बोथट होतो, भोवतालचे प्लास्टिक झिजते, बोथट कण गळतो आणि खालचा धारदार कण पुढे येतो.

मग धोका कशात आहे? चकतीतल्या हिऱ्यात तो फारसा नाही, घासल्या जाणाऱ्या दगडात आहे. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात सुटे क्वार्ट्झ जवळपास नसतेच. लाल, करड्या ग्रॅनाइटमध्ये मात्र ते भरपूर असते, अनेकदा चौथ्या हिश्शाहून जास्त. क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकरूप सिलिका. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण थेट फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात आणि तिथे कायमचे व्रण करतात. हाच सिलिकोसिस. गेलेले फुप्फुस परत आणणारे औषध नाही. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला क्षयाचा धोका वाढतो. दोन्हींत खोकला आणि दम लागतोच, त्यामुळे हा आजार क्षय समजून चुकीचे उपचारही होतात.

ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून ओट्यांसाठीच्या कृत्रिम दगडावर बंदी घातली. त्या दगडात सिलिका ९० टक्क्यांपर्यंत असू शकते आणि तो कापणारे, घासणारे तरुण कामगार सिलिकोसिसने आजारी पडत होते.

आपल्याला बंदीची वाट पाहण्याची गरज नाही. उपाय पाण्याचा आहे. घासताना पाण्याची बारीक धार सोडली की बरीचशी धूळ चिखल होऊन खाली बसते. पॅडही गार राहते आणि जास्त टिकते. तरीही घरोघरी कोरडेच काम चालते, कारण पाण्याने भिंत खराब होते आणि हातातल्या विजेच्या यंत्रावर पाणी म्हणजे शॉकची भीती. ही भीती खरी आहे. म्हणूनच कडांचे पॉलिश दुकानातच, पाण्याच्या मशीनवर करून घ्यायला हवे. घरी फक्त बसवण्याचे काम उरावे. त्याचे चार पैसे जास्त पडले तर ते घरमालकाने द्यावेत. लाखोंच्या घरात ती रक्कम जड नाही.

तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. त्याच्या विणीतून हे कण सहज आत जातात. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क हवा आणि वाळलेली धूळ झाडूने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायला हवी.

कारखान्यात सिलिकोसिस आढळला तर तो सरकारला कळवणे बंधनकारक आहे. गावोगाव फिरणाऱ्या पॉलिशवाल्याला कोणता कारखाना? त्याची नोंद झालीच तर बांधकाम कामगार म्हणून होते. पेटी आणि भांड्यांच्या संचासाठी रांगा लागतात, त्याच रांगेत त्याला दोन प्रश्न विचारले जावेत: काम कोरडे करता की ओले? छातीचा एक्स-रे शेवटचा कधी काढला? आणि खोकला घेऊन आलेल्या प्रत्येक मजुराला गावातल्या डॉक्टरांनी तिसरा प्रश्न विचारावा: काम काय करता?

ओट्यात आपला चेहरा दिसतो, तेव्हा तो घासणाऱ्याचा श्वासही आठवायला हवा.