अथेन्सची काळोखी 'सुवर्णपहाट'

२००९ च्या निवडणुकीत ज्या पक्षाला अर्धा टक्काही मते मिळाली नव्हती, तो 'गोल्डन डॉन' अर्थात 'सुवर्णपहाट' हा अतिउजवा, वंशवादी पक्ष मे २०१२ मध्ये सुमारे सात टक्के मते आणि २१ जागा घेऊन ग्रीसच्या संसदेत शिरला. अनेक पंडितांनी तेव्हा खापर फोडले ते मतदारांच्या अकलेवर. सोयीचे होते ते! कर्जात बुडालेल्या शासनाने निवृत्तिवेतनाला कात्री लावली, तरुणांच्या हातचे काम गेले, गरीब वस्त्यांना कोणी वाली उरला नाही. ती पोकळी काळ्या सदऱ्यांतील टोळ्यांनी भरून काढली. दिवसा ओळखपत्र पाहून केवळ ग्रीकांना अन्नवाटप, रात्री परदेशी मजुरांवर हल्ले. भुकेल्याचा वंश तपासून शिधा देणे याला सेवा म्हणत नाहीत.

जानेवारी २०१३ मध्ये शहजाद लुकमान हा पाकिस्तानी मजूर सायकलवरून कामाला जाताना भोसकला गेला. शासन ढिम्म. सप्टेंबरात पावलोस फिसास या ग्रीक गायकाची तशीच हत्या झाली आणि अवघ्या दहा-अकरा दिवसांत पक्षप्रमुख निकोलाओस मिखालोलियाकोस गजाआड गेला! कायदा तोच, पोलीसही तेच. बदलले होते ते केवळ मृताचे नागरिकत्व.

अटकेने मात्र पक्ष संपला नाही. २०१४ च्या युरोपीय निवडणुकीत त्याने नऊ टक्क्यांहून अधिक मते मिळवली. त्याचा कणा मोडला तो एप्रिल २०१५ पासून साडेपाच वर्षे चाललेल्या खटल्याने. तेथे प्रश्न विचारधारेचा नव्हता. टोळी कोणी जमवली, आदेश कोणाचा, दूरध्वनी कोणी कोणाला केला, हे कागदोपत्री तपासले गेले. पावलोसची आई मग्दा वर्षानुवर्षे न्यायालयात येऊन बसत राहिली. २०१९ मध्ये पक्ष संसदेबाहेर फेकला गेला आणि ७ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायालयाने त्याला गुन्हेगारी संघटना ठरवले.

हा धडा गिरवायचा सोडून ग्रीक संसदेने २०२३ मध्ये सोपी वाट धरली. शिक्षा झालेल्या नेत्यांच्या पक्षांना निवडणुकीची दारे बंद केली. तुरुंगातील इलियास कासिदियारिसने मग 'स्पार्टन्स' नावाच्या अनोळखी पक्षाला पाठिंबा दिला आणि त्याच जूनमध्ये दोन लाखांहून अधिक ग्रीकांनी त्याचे १२ प्रतिनिधी निवडून दिले. बंदी नावावर होती, आणि नाव बदलायला असा कितीसा वेळ लागतो?