घरसंसार : भाड्याच्या घरातील मायक्रोवेव्ह



आयर्लंडमध्ये भाड्याने घर घेणाऱ्या कुटुंबास स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह बहुधा आयताच मिळतो. ही घरमालकाची मेहेरबानी नव्हे. भाड्याच्या घरांविषयी तेथे २०१९ साली जे नियम झाले, त्यांनुसार खाजगी घरमालकाने शेगडी, फ्रीज व कपडे धुण्याचे यंत्र यांबरोबर मायक्रोवेव्हही पुरवावा लागतो आणि तो सुस्थितीत ठेवावा लागतो. परंतु नियमाने यंत्र मिळते, त्याची माहितीपुस्तिका आधीच्या भाडेकरूच्या सामानात कधीच निघून गेलेली असते. आपल्या घरांत आईने किंवा मावशीने शिकविल्याविना कोणी चुलीपाशी बसत नसे. हे यंत्र मात्र पाच वर्षांचे मूलही बोट लावून सुरू करते. म्हणून या अंकी त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. महायुद्धात रडारसाठी वापरलेली मॅग्नेट्रॉन नावाची नळी हे याचे हृदय होय. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीचे पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ साली या नळीने अन्न तापते हे ओळखले. तिच्यातून निघणाऱ्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटीमीटर असते. त्या अन्नातील पाण्याच्या कणांना हलवितात व त्यातून उष्णता निर्माण होते. दारावरच्या जाळीची छिद्रे या लहरींच्या मानाने इतकी बारीक असतात की प्रकाश बाहेर येतो, लहर येत नाही. या लहरींमुळे अन्न किरणोत्सर्गी होते, ही समजूत निराधार आहे. मात्र दार वाकलेले, बिजागरी सैल झालेली किंवा कडेची पट्टी फाटलेली असेल तर यंत्र वापरू नये. घरमालकास लेखी कळवावे. घरी ते उघडून पाहण्याचा मोह तर मुळीच धरू नये. वायर काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये प्राणघातक वीज साठून राहू शकते.

आता खरा मुद्दा. लहरी अन्नात दोन-तीन सेंटीमीटरच शिरतात आणि सर्वत्र सारख्या पोहोचत नाहीत. त्यामुळे बिरड्याच्या वाटीची कड उकळत असते आणि मध्यभाग थंडगार राहतो. त्या थंड भागात जंतू जिवंत राहतात. म्हणून अन्न पसरट भांड्यात कडेने मांडावे, झाकावे, अर्ध्या वेळी ढवळावे आणि शेवटी दोन मिनिटे तसेच राहू द्यावे, म्हणजे उष्णता आतवर पोहोचते. पुन्हा गरम केलेले अन्न मध्यभागीही किमान ७० अंश सेल्सिअस तापले पाहिजे, असे आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे सांगणे आहे. वाफ मधूनही निघाली पाहिजे, ही त्याची घरगुती खूण.

पाकिटावर लिहिलेली वेळ ही ठराविक शक्तीच्या यंत्रासाठी असते. ८०० वॅटसाठी पाच मिनिटे लिहिली असतील आणि आपले यंत्र ७०० वॅटचे असेल, तर त्रैराशिक मांडावे : पाच गुणिले ८००, भागिले ७००, म्हणजे जवळजवळ पावणेसहा मिनिटे. यंत्राच्या पाठीमागे विजेच्या खपाचा मोठा आकडा असतो, तो येथे घ्यावयाचा नाही. अन्नाला मिळणाऱ्या शक्तीचा लहान आकडा घ्यावा.

भाताविषयी विशेष सांगावेसे वाटते, कारण तो आपल्या ताटातला रोजचा पदार्थ आहे. तांदळात बॅसिलस सेरेअस नावाच्या जंतूची बीजे असू शकतात. ती उकळण्यानेही मरत नाहीत. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात ती वाढतात आणि असे विष तयार करतात की ते पुन्हा तापवूनही जात नाही. म्हणजे येथे दोष यंत्राचा नसून आदल्या रात्रीचा असतो. उरलेला भात पसरून लवकर निववावा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा, दुसऱ्याच दिवशी संपवावा आणि एकदाच गरम करावा.

तान्ह्या बाळाची दुधाची बाटली या यंत्रात तापवू नये, असे तेथील आरोग्यसेवा स्पष्ट सांगते. बाटली हाताला कोमट लागते आणि आतील दुधाचा एखादा भाग बाळाचे तोंड भाजण्याइतका कढत असतो. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी करावी आणि दुधाचा थेंब मनगटावर पाहावा. चहाचे पाणीही किटलीतच उकळावे; गुळगुळीत पेल्यातील पाणी कधी बुडबुडा न येता उकळबिंदूच्या वर तापते आणि चमचा घालताच अंगावर उसळते.

स्टीलचा डबा, तांब्यापितळेची वाटी, सोनेरी कडेची बशी यांत ठेवू नये, ठिणग्या उडतात. अंडे सोललेले असले तरी फुटते. बटाट्यास काट्याने टोचे मारावेत. तेलात तळण्याचा उद्योग येथे करू नये. थंडीत मान शेकण्यासाठी गव्हाची पिशवी तापवितात, ती सांगितल्यापेक्षा अधिक वेळ तापविल्यास पेट घेते. आत आग दिसलीच तर दार उघडू नये. बटण बंद करावे, प्लग काढावा आणि आग विझत नसल्यास घराबाहेर पडून ११२ किंवा ९९९ ला फोन करावा.

शब्बाथ पाळणाऱ्या घरांत यंत्राचे दार उघडताच आतील दिवा लागतो, हे ध्यानी घ्यावे. शुक्रवारचे जेवण कपाट समजून त्यात ठेवू नये. अन्नाच्या दृष्टीनेही ती जागा योग्य नव्हे. मांसाच्या आणि दुधाच्या पदार्थांसाठी एकच यंत्र असेल तर काय करावे, हे आपल्या रब्बींस विचारून ठरवावे.

शेवटी मुलांविषयी. आई पाळीच्या नोकरीवर, वडील कामावर, आणि शाळेतून आलेले मूल स्वतःच ताटली तापविते, ही गोष्ट आता घरोघरी झाली आहे. त्या मुलास रागावून दूर ठेवण्यापेक्षा शिकविणे बरे. यंत्र मुलाच्या डोक्याहून उंच फळीवर ठेवू नये. वरून ओढलेली आमटी तोंडावर आणि छातीवर सांडते. झाकण आपल्यापासून दूरच्या बाजूने उचलावे, म्हणजे वाफ चेहऱ्यावर येत नाही. हातात जाड फडके घ्यावे. हे तीन धडे आपण शेजारी उभे राहून आठवडाभर करून घ्यावेत. एवढे करूनही भाजलेच तर तो भाग गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. हळद, लोणी वा टूथपेस्ट लावू नये. तान्हे मूल असेल किंवा चेहरा भाजला असेल तर डॉक्टरांकडे विनाविलंब न्यावे.

नव्या घरात सामान लावताना हे यंत्र प्रथम पाहून घ्यावे आणि वरील नियम एका कागदावर लिहून त्याच्या शेजारी चिकटवावेत, अशी आमची वाचकांस विनंती आहे. कागद मराठीत लिहिला तर आजीलाही वाचता येईल आणि मुलांचीही उजळणी होईल.

सर्वांस शालोम.