भाडेघरांचा वाहनतळ आणि सरकारी तपासणी

अमेरिकेत स्थिरावलेल्या अनेक भारतीय कुटुंबांनी भाड्याच्या सदनिकांच्या इमारतींत पैसा गुंतविला आहे. अशा इमारतीतील अल्प उत्पन्नाच्या भाडेकरूंचे भाडे संघराज्य सरकार अंशतः सोसत असेल, तर तेथील गृहनिर्माण व नागरी विकास खाते, रूढ बोलीत ‘हड’, ठरावीक काळाने तपासनीस पाठविते. पत्र येताच मालक धुराची इशारायंत्रे आणि गळके नळ यांच्या मागे लागतो. वाहनतळाची आठवण सर्वांत शेवटी होते.

या दिरंगाईमागे हिशेब असतो. २०२३ पासून लागू झालेल्या ‘एनस्पायर’ निकषांनुसार १०० पैकी निदान ६० गुण हवेत, आणि सदनिकेतील दोषाला बाहेरच्या दोषापेक्षा अधिक गुण जातात. मग खड्ड्यावर खर्च का करावा? कागदावर हे बरोबर आहे. परंतु अनुदानित घरांत वृद्ध आणि अपंग भाडेकरू बरेच असतात. गाडीतून उतरून काठीच्या आधाराने दारापर्यंत जाणाऱ्या आजींच्या कंबरेचे मोल गुणपत्रिकेत कोठेही धरलेले नाही.

निकष तसे सोपे आहेत. ४ इंच खोल आणि १ चौरस फूट वा त्याहून मोठा एकच खड्डा आढळला, तरी दोष नोंदविला जातो. ३ इंचांहून अधिक पाणी साचून वाहनतळाचा ५ टक्के वा अधिक भाग निरुपयोगी झाला, तरीही तेच. उथळ खड्डा सुटला असे मात्र समजू नये. चालण्याच्या वाटेवर पाऊण इंचाची उंचसखल कड असली, तरी ठेच लागण्याचा धोका म्हणून तिची वेगळी नोंद होते. हे दोष मध्यम गणले जातात आणि ३० दिवसांत दूर करावे लागतात. बंद पडलेला बाहेरचा दिवा त्याच वर्गातला. म्हणून मालकाने एक फेरी भर पावसानंतर आणि एक अंधार पडल्यावर मारावी. स्वच्छ दुपारी हे दोष दिसत नाहीत.

खरी अडचण ऋतूंची आहे. उत्तरेकडील राज्यांत डांबराच्या भेगांत शिरलेले पाणी हिवाळ्यात गोठते व सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. वितळते, पुन्हा गोठते, आणि वसंतापर्यंत भेगेचा खड्डा होतो. कडक थंडीत गरम डांबराचे कारखाने बहुधा बंद असतात. मिळते ते थंड मिश्रणाचे ठिगळ, जे फार काळ टिकत नाही. बँकेच्या शाखेत तपासणीच्या आदल्या रात्री नोंदवह्या पूर्ण होतात, हे त्या व्यवसायातील मंडळी जाणतात. डांबराला ती सोय नाही.

शेवटच्या क्षणीच्या मलमपट्टीला खातेही कंटाळले होते. म्हणूनच २०१९ मध्ये पूर्वसूचनेची मुदत १४ दिवसांवर आणली गेली. नव्या पद्धतीत ती २८ दिवसांची आहे. तरी पत्र जानेवारीत आले तर त्या दिवसांचा उपयोग थोडाच. भेगा शरद ऋतूतच, पानगळीबरोबर, भरून घ्याव्यात. त्याच वेळी निचऱ्याच्या जाळ्यांवरील पाने काढावीत. साचणाऱ्या पाण्याचे कारण पुष्कळदा तेवढेच असते.

अपंगांसाठी राखलेल्या जागेशेजारची तिरप्या पट्ट्यांची मोकळी जागा वेगळी पाहावी. चाकाची खुर्ची तेथेच उतरते. बर्फ हटविणारा ठेकेदार ढीग नेमका तेथेच रचतो, कारण ती जागा त्याला रिकामी दिसते. ढीग कोठे रचावा हे त्याच्या करारातच लिहून घ्यावे. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचे कलम ५०४ अनुदानित घरांना लागू आहे, त्यामुळे येथे केवळ गुणांचा प्रश्न उरत नाही.

पट्टे रंगविताना वाहनतळ एकदम रिकामा होत नाही. अर्धा भाग आज, अर्धा परवा, असे ठरवून भाडेकरूंच्या दारावर चारपाच दिवस आधी त्यांना समजेल त्या भाषेत चिठ्ठी लावावी. रात्रपाळी करून सकाळी झोपलेल्या माणसाची गाडी ऐन कामाच्या वेळी ओढून नेण्याची पाळी येऊ नये.