सायकल बंद करा, असे मीच सांगितले होते

दवाखान्यात येणाऱ्या तक्रारी बहुधा शरीराच्या असतात. गुडघा धरला, पित्त उसळले, रात्री चार वेळा उठावे लागते. पण २०१८ च्या पावसाळ्यात एक गृहस्थ समोरच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, चाली सुचत नाहीत."

पावसाचा पत्र्यावर आवाज होता. मला ऐकू आले, "चालवत नाही." मी त्यांचा गुडघा दाबून पाहू लागलो. ते हसले, पण हसण्यात जीव नव्हता. "गुडघा नव्हे हो. गाण्याच्या चाली. वर्ष-दोन वर्षं झाली, एकही नवी चाल झाली नाही."

हे आमचे मास्तर. शाळेत संगीतशिक्षक होते, आता निवृत्त आहेत. पेटी उत्तम वाजवतात. शाळांची स्नेहसंमेलने, भजनी मंडळे, हौशी नाटके यांच्यासाठी त्यांनी चाळीसेक वर्षे चाली बांधल्या. सांगलीकरांपैकी अनेकांनी त्या गुणगुणल्या असतील. बांधणाऱ्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांच्या परवानगीने, पण नाव न घालता, ही हकीकत लिहितो आहे. कारण या हकीकतीतली चूक त्यांची नाही, माझी आहे.

२०१२ साली मास्तरांना बाजारातल्या वळणावर एका मोटारसायकलने उडवले. उजव्या खांद्याजवळचे कॉलरबोन मोडले. ते बरे झाल्यावर मी मोठ्या अधिकाराने सांगितले, "मास्तर, आता सायकल बंद करा. पंचावन्नाव्या वर्षी काय ती टांग मारायची? एखादी बिनगिअरची गाडी घ्या." वहिनी शेजारी होत्या. त्यांना हायसे वाटले. मास्तर काही बोलले नाहीत. गाडी आली आणि सायकल मागच्या पडवीत खिळ्याला टांगली गेली.

सहा वर्षांनी ते चालींची तक्रार घेऊन आले तेव्हा वजन ६८ किलोंवरून ७९ वर गेले होते. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, जिला आम्ही एचबीएवनसी म्हणतो, ती ८.९ आली. झोप तुटक, चिडचिड वाढलेली. मी थायरॉइड तपासले, बी-१२ तपासले, साखरेची दुसरी गोळी सुरू केली आणि रोज अर्धा तास चाला असे सांगितले. पुस्तकाप्रमाणे सगळे बरोबर होते. मास्तर पंधरा दिवस चालले आणि थांबले. म्हणाले, "गल्लीत फेऱ्या मारताना तुरुंगातल्यासारखं वाटतं." त्यांचे काय हरवले आहे, हे मी तेव्हाही विचारले नाही.

पुराने खाली काढलेली सायकल

पुढची गोष्ट माझ्या सल्ल्याने घडली नाही. ती पुरामुळे घडली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी गावभागात शिरले. मास्तरांच्या घरात कमरेच्या वर पाणी होते. पेटी फुगली, सूर गंजले. तंबोरा पुढे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दुरुस्तीला गेला. गाडीचे इंजिन गाळाने भरले. भिंतीवर उंच टांगलेली सायकल तेवढी बऱ्यापैकी वाचली. रॉकेलने पुसली, तेल घातले, सायकलवाल्याने टायर-ट्यूब बदलली आणि ती चालू लागली. गाडी दुरुस्त होईपर्यंत औषधे आणि भाजी आणण्यापुरती ती वापरायची असे ठरले.

एके दिवशी पहाटे घरातला ओलसर वास सहन होईना, म्हणून मास्तर सायकल घेऊन हरिपूरच्या रस्त्याला लागले. हा रस्ता आपल्याला नवा नाही. चिंचेची जुनी झाडे, डाव्या-उजव्या हाताला मळे आणि शेवटी संगमेश्वर. तिथे वारणा कृष्णेला मिळते. अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर. घाटावर दहा मिनिटे बसून ते परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मग रोजच जाऊ लागले.

दिवाळीनंतर ते दवाखान्यात आले आणि म्हणाले, "डॉक्टर, एक चाल झाली." बाहेर सात-आठ पेशंट बसलेले असताना त्यांनी ती म्हणून दाखवली. आमचा कंपाउंडर पुड्या बांधायचा थांबला. मला रागातले फारसे कळत नाही. पण सहा वर्षांत त्या चेहऱ्यावर असा उजेड मी पाहिला नव्हता, एवढे मला कळले.

"सायकलवर नेमके काय होते?" मी विचारले. त्यांचे उत्तर मी त्यांच्या केसपेपरच्या मागे लिहून ठेवले आहे. ते म्हणाले, "पेटी समोर असली की बोटं जुन्याच वाटेनं जातात. सायकलवर हात अडकलेले. चाल नुसती कानात आणि गळ्यात फिरते, बोटांना विचारत नाही. शिवाय पायांचा ठेका असतोच. एका पायावर सम धरायची. समोरून वारा आला की विलंबित, पाठीवर घेतला की द्रुत." मग थोडे थांबून म्हणाले, "आणि मध्येच भारद्वाज घुमतो. त्याचा तो खर्ज ऐकला की आपला षड्ज किती उथळ लागतोय ते कळतं."

एचबीएवनसी वर्षभरात ७.१ वर आली. वजन सहा किलोंनी उतरले. दुसरी गोळी निम्मी केली. पहिली चालू आहे आणि चालू राहील. सायकलने मधुमेह पळाला असे कोणी समजू नये. आहारही सुधारला होता. पण तोही सुधारला तो माणूस सुधारल्यावर.

एल्गार आणि त्यांची सनबीम

माझा पुतण्या इंग्लंडमध्ये डॉक्टर आहे. मास्तरांची गोष्ट त्याला फोनवर सांगितली, तेव्हा त्याने हेरफर्ड नावाच्या शहरातल्या एका पुतळ्याचा फोटो पाठवला. कॅथीड्रलच्या आवारात एक मिशीवाले गृहस्थ सायकलीला टेकून उभे आहेत. हे एडवर्ड एल्गार, इंग्लंडचे नामवंत संगीतकार. पुतळा २००५ साली उभारला. संगीतकाराच्या पुतळ्याशेजारी व्हायोलिन किंवा पियानो नाही, सायकल आहे, याची मला गंमत वाटली आणि मी त्यांच्याविषयी वाचले.

एल्गारांचा जन्म १८५७ चा. वडील वूस्टर गावी वाद्यांचे दुकान चालवत आणि पियानो सुरात लावून देत. मुलाला संगीताच्या मोठ्या विद्यालयात जाता आले नाही. बरेचसे स्वतःच शिकून त्यांनी वर्षानुवर्षे व्हायोलिनच्या शिकवण्या केल्या. आम्हा वैद्यकीय मंडळींना जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे १८७९ पासून पाच वर्षे ते पॉविकच्या मनोरुग्णालयातल्या बँडचे प्रमुख होते. तिथल्या रुग्णांच्या नाचासाठी ते संगीत लिहीत.

१८९९ मध्ये, म्हणजे आपल्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' रंगभूमीवर आले त्याच वर्षी, एल्गारांच्या 'एनिग्मा व्हेरिएशन्स'ने लंडनमध्ये त्यांचे नाव झाले. सायकल आली ती त्यानंतर, १९०० साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. वुल्व्हरहॅम्प्टनच्या कारखान्यातली रॉयल सनबीम. तिचे नाव त्यांनी ठेवले 'मिस्टर फीबस'. फीबस म्हणजे ग्रीकांचा सूर्यदेव. आधी मॉल्व्हर्नच्या टेकड्यांभोवती आणि १९०४ पासून हेरफर्डच्या मुक्कामात वाय नदीच्या परिसरात ते सायकलवर दूरदूर भटकत. १९०८ साली मँचेस्टरला त्यांची पहिली सिंफनी वाजली आणि पुढच्या वर्षभरात तिचे शंभराच्या घरात प्रयोग झाले.

तारखा नीट पाहा. एल्गारांना प्रतिभा सायकलने दिली नाही. ती आधीच होती. मास्तरांचेही तेच. सायकल आणि नदी यांनी त्या प्रतिभेला रोज बाहेर पडायला वाट दिली. मी मात्र ती वाट बंद केली होती.

शास्त्र काय म्हणते

२०१४ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. बसलेल्या माणसांच्या तुलनेत चालणाऱ्यांना नव्या कल्पना बऱ्याच जास्त सुचल्या, आणि चालून येऊन बसल्यावरही तो परिणाम काही वेळ टिकला. हे प्रयोग चालण्याचे होते, सायकलीचे नव्हते, आणि बंद खोलीत पट्ट्यावर चालणाऱ्यांनाही फायदा झाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मग नदी आणि झाडे कशाला? घरातली यंत्राची सायकल चालणार नाही का? चालेल, रोज चालवली तर. पण माझ्या अनुभवात ती महिन्याभरात टॉवेल वाळत घालण्याच्या कामी येते. मास्तर साखरेसाठी हरिपूरला जात नाहीत. ते भारद्वाजासाठी, हळदीच्या वासासाठी, संगमावरच्या उजेडासाठी जातात. साखर आपोआप उतरते. काम करणारा स्नायू रक्तातली साखर उचलतो आणि त्यासाठी त्याला नेहमीइतके इन्शुलिन लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. रोज अर्धा तास सायकल धरली तर आठवड्याला २१० मिनिटे होतात. हिशेब कठीण नाही. रोज घराबाहेर ओढणारे काहीतरी असणे कठीण आहे.

सायकल काढण्यापूर्वी

उत्साहात कोणी उद्याच दहा मैल मारू नयेत, म्हणून थोडे सांगतो.

चालताना छातीत दडपण येत असेल, दम लागत असेल किंवा हृदयाचे औषध चालू असेल, तर आधी तपासून घ्या. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात एकदम खाली येऊ शकते. हात थरथरले, घाम फुटला, की थांबा. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवाच.

सीटची उंची अशी हवी की पॅडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील. सीट फार खाली असली की गुडघे दुखतात आणि दोष सायकलीला जातो.

वाजवणाऱ्यांसाठी खास सूचना. हँडलवर तळव्याचा भार सतत राहिला तर करंगळीच्या बाजूची नस दबते आणि करंगळी-अनामिकेला मुंग्या येतात. मास्तरांनाही आल्या होत्या. हँडल थोडे वर घेतले, मुठींना जाड आवरण घातले, दर थोड्या वेळाने पकड बदलायला सांगितली. मुंग्या गेल्या. पेटीवाले, तबलजी, सतारिये यांनी हे अंगावर काढू नये.

डोक्याला हेल्मेट, मागे लाल दिवा, आणि कानात गाणी मुळीच नकोत. रस्ता ऐकू आला पाहिजे. चाल सुचायची असेल तरीही.

माझे मत

आता मुद्द्यावर येतो. आम्ही डॉक्टर "हे बंद करा" फार सहज म्हणतो. तिखट बंद, प्रवास बंद, जिना बंद, सायकल बंद. काही वेळा ते आवश्यकच असते. पण एक गोष्ट बंद करताना तिच्याबरोबर आणखी काय बंद पडणार आहे, हे आम्ही विचारत नाही. २०१२ साली मी विचारले असते, "मास्तर, सायकलवर तुम्ही करता काय?" तर त्यांनी सांगितले असते. मग मी बाजाराचे वळण टाळायला सांगितले असते, पहाटेची वेळ ठरवून दिली असती. सहा-सात वर्षे वाया गेली नसती. एवढी वर्षे ज्या चाली झाल्या नाहीत, त्या कोणत्या तपासणीत दिसणार?

पण दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. वहिनींची भीती खोटी नव्हती. रस्त्याने त्यांच्या नवऱ्याचे हाड मोडले होते. सायकलवाल्याला कडेची दोन हात जागाही निर्धास्तपणे मिळत नसेल, तर त्याने सायकल चालवावी असे मी कोणत्या तोंडाने सांगू? रुंदीकरणात झाडे जातात तेव्हा आपण फक्त सावली मोजतो. त्या सावलीतून रोज कोण जात होते आणि तिथे त्याला काय सुचत होते, याची नोंद कोठेच नसते. माझ्या मते गावातली सावलीची एक सलग वाट ही दवाखान्याइतकीच गरजेची आहे. ती राखायची मागणी आपण नागरिकांनी केली पाहिजे, आणि ती करताना डॉक्टरांनी पुढे असावे.

मास्तर आज ६७ वर्षांचे आहेत. थंडीत कॉलरबोन ठणकते. अंधारात सायकल काढत नाहीत. ही अट वहिनींची, आणि मी त्यांच्या बाजूने आहे.

माझ्या केसपेपरवर आता वजन, बी.पी. आणि साखरेच्या खाली एक जादा ओळ असते: 'आवडीचे काय बंद पडले?' बरेच पेशंट आधी गोंधळतात, मग बराच वेळ बोलतात. वाचकांनी हा प्रश्न दवाखान्यात येण्याची वाट न पाहता घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारावा. उत्तर कदाचित मागच्या पडवीत खिळ्याला टांगलेले असेल.