परभणीची सरकी आणि कॅलिफोर्नियाचे कोडिंग

१/ मानवत, सेलू, पाथरीच्या काळ्या रानात कापूस घेणाऱ्या घरांना बीटी सरकीची पिशवी चांगली परिचित आहे. एआय कोडिंग कंपन्यांवर आज अब्जावधी डॉलरची गुंतवणूक होत आहे. त्या व्यवहाराचे मर्म या पिशवीच्या इतिहासात आधीच दिसते.

२/ मार्च २००२ मध्ये भारताने बीटी कापसाला मान्यता दिली. बोंडअळीला मारक ठरणारे जनुक अमेरिकेच्या मोन्सँटोचे होते. शेजारच्या जालन्याची महिको आणि मोन्सँटो यांच्या संयुक्त कंपनीकडून पुढे चाळीसहून अधिक देशी कंपन्यांनी ते परवान्यावर घेतले. पिशवीवरचे नाव आणि आतले वाण त्यांचे. शेतकरी ज्यासाठी पैसे मोजत होता ते जनुक मात्र दुसऱ्याचे.

३/ परिणाम किमतीत उमटला. २००६ च्या सुमारास पिशवीच्या किमतीतील सुमारे १,२५० रुपये केवळ जनुकाचे शुल्क होते. आंध्र प्रदेश सरकारने दाद मागितल्यावर पिशवी ७५० रुपयांवर आली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने हे शुल्क ४९ रुपयांवर आणले.

४/ आता कर्सर पाहा. हे साधन बनवणारी एनिस्फिअर ही कंपनी २०२२ मध्ये एमआयटीच्या तरुणांनी स्थापली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिने २.३ अब्ज डॉलर उभारले. मूल्यांकन झाले २९.३ अब्ज डॉलर. परंतु कर्सरची वाढ झाली ती मुख्यतः ओपनएआय, अँथ्रॉपिक, गूगल यांच्या मॉडेलांच्या बळावर, आणि ती मॉडेले भाड्याची होती.

५/ सामान्य सॉफ्टवेअरमध्ये एक ग्राहक वाढला तर खर्च जवळजवळ वाढत नाही. येथे प्रत्येक विनंतीमागे मॉडेलचे भाडे द्यावे लागते; उत्साही ग्राहकच महाग पडतो. जून २०२५ मध्ये कर्सरने दररचना बदलली, ग्राहक संतापले आणि ४ जुलैला कंपनीला माफी मागून अनपेक्षित आकारणी परत करण्याची तयारी दाखवावी लागली.

६/ विंडसर्फची कथा अधिक बोलकी आहे. ओपनएआय तिला विकत घेणार अशी चर्चा असताना, जून २०२५ मध्ये अँथ्रॉपिकने अवघ्या काही दिवसांच्या सूचनेवर तिचा थेट मॉडेलपुरवठा जवळजवळ थांबवला. जुलैत ३ अब्ज डॉलरचा तो सौदा फिसकटला. गूगलने सुमारे २.४ अब्ज डॉलर मोजून संस्थापक आणि तंत्रज्ञानाचा परवाना घेतला. उरलेली कंपनी कॉग्निशनकडे गेली.

७/ तुलनेला मर्यादा आहेत. जनुकाच्या बाजारात एकाच मालकाचे वर्चस्व होते. मॉडेल पुरवणारे अनेक असून त्यांच्यात चुरस आहे. कर्सरनेही ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपोझर हे स्वतःचे मॉडेल आणले. तथापि पुरवठादार स्वतःच क्लॉड कोड, कोडेक्स अशी साधने विकू लागले आहेत. ज्याच्याकडून माल घ्यायचा, तोच शेजारी दुकान थाटून बसला आहे.

८/ परभणीच्या इतिहासात याला एक उत्तरही आहे. १८ मे १९७२ रोजी येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या नांदेड येथील संशोधन केंद्राचे एनएचएच-४४ हे संकरित वाण कोरडवाहू शेतकऱ्यांच्या पसंतीचे होते. बीटीच्या लाटेत ते मागे पडले. वाण चांगले होते. त्यात बीटी जनुक नव्हते. महाबीजच्या साथीने त्याचे बीटी रूप येईपर्यंत बाजार खासगी कंपन्यांनी व्यापला होता.

९/ म्हणून मूल्यांकनाच्या आकड्याने दिपून जाणे हा इतिहासाच्या अभ्यासकाला न शोभणारा भोळेपणा आहे. गुंतवणूक म्हणजे मालकी नव्हे. ती अनेकदा भाडे भरण्याची मुदतवाढ असते. सार्वजनिक पैशातून खुली मॉडेले उभी राहिली नाहीत, तर परभणीतून पुण्याला शिकायला जाणाऱ्या मुलामुलींच्या कामाचे भाडे दूर कुठेतरी ठरेल. ते ४९ रुपयांवर आणणारे सरकार तेव्हा प्रत्येक वेळी हाताशी असेलच असे नाही.

१०/ एखाद्या नव्या कंपनीने विक्रमी भांडवल उभारल्याची बातमी आली, की आधी एवढेच विचारावे : पिशवी कोणाची हे कळले, आतले जनुक कोणाचे?