बयाणा, खर्ची आणि हिशेब

लहान बांधकाम कंपनीच्या पुरवठा साखळीत वेठबिगारी शिरते ती बहुतेक वेळा वीटभट्टीवरून. रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांतल्या भट्ट्यांवर वीट पाडण्याचे काम प्रामुख्याने कातकरी कुटुंबे करतात. भातलावणी उरकल्यावर हाताला काम उरत नाही, त्या पावसाळी दिवसांत भट्टीमालक किंवा त्याचा मुकादम वाडीवर येऊन बयाणा, म्हणजे हंगामाची उचल, देतो. दिवाळीनंतर कुटुंब बिऱ्हाड घेऊन भट्टीवर जाते. आठवड्याच्या बाजारापुरती खर्ची मिळते. मजुरी हातात पडत नाही, वहीत मांडली जाते. मेअखेर पाऊस तोंडावर आला की हिशेब होतो आणि पाडलेल्या विटांच्या मजुरीतून बयाणा व खर्ची वळती केली जाते. वही मालकाची, मोजणीही त्याचीच; अवकाळी पावसाने भिजलेल्या कच्च्या विटांचा तोटा मात्र पुष्कळदा मजुराच्या नावावर. अंगावर बाकी राहिली तर ती पुढच्या हंगामात, त्याच भट्टीवर फेडायची.

यात साखळदंड नाही, पहारा नाही, आणि मजूर ‘स्वतःहून’ आलेला असतो. म्हणूनच यात गुलामगिरी आहे असे खरेदीदाराला वाटत नाही. कायद्याची दृष्टी वेगळी आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 23 ने वेठ आणि सक्तीच्या श्रमाला बंदी केली. वेठबिगार पद्धती 25 ऑक्टोबर 1975 पासून रद्द झाली आणि 1976 मध्ये त्यासाठी अधिनियम झाला. उचल देणे हा प्रत्येक वेळी गुन्हा नसतो. पण त्या उचलीच्या बदल्यात मजूर किंवा त्याच्या घरचे माणूस दुसरीकडे काम धरू शकत नसेल, हवे तेव्हा गावी जाऊ शकत नसेल किंवा नाममात्र मजुरीवर राबत असेल, तर ती वेठबिगारी ठरते. असे कर्ज फेडण्याचे बंधन मजुरावर राहत नाही. कर्ज वेठीचे नव्हते हे सिद्ध करण्याचा भारही ते देणाऱ्यावर असतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. दंडाचा आकडा आज हास्यास्पद वाटतो, कैदेचा वाटू नये.

1982 च्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे हेही अनुच्छेद 23 खालचे सक्तीचे श्रमच, असा तो निर्णय. नगावर मजुरी देणाऱ्या धंद्याला तो नेमका लागू पडतो. समजा, हजार विटांमागे 800 रुपये ठरले आणि नवरा-बायको मिळून दिवसाला 700 विटा पाडतात. दिवसाचे 560 रुपये, म्हणजे माणशी 280. हा आकडा त्या वर्षीच्या किमान वेतनाच्या अधिसूचनेशी ताडून पाहिला की दर पुरेसा आहे की नाही ते लगेच उमगते. त्यातल्या काही विटा मुलांनी वाहिल्या किंवा उलटल्या असतील, तर माणशी पडणारी मजुरी आणखी खाली जाते. नगावरच्या अपुऱ्या दराचा आणि बालमजुरीचा संबंध असा थेट आहे.

खरेदीदाराच्या कपाटात सहसा भट्टीमालकाचे एक हमीपत्र असते: आमच्याकडे वेठबिगार नाहीत. त्या कागदाने काहीही सिद्ध होत नाही. बारकाईने पाहायचे ते कंपनीचे स्वतःचे व्यवहार. अनेक छोटे बिल्डर पावसाळ्याचा साठा मे महिन्यात उचलतात आणि पैसे गणपतीनंतर देतात. माल उचलला जातो नेमक्या त्याच आठवड्यांत भट्टीवर मजुरांचा हिशेब व्हायचा असतो. मालकाच्या हाती रोकड नसते. मग ‘उरलेले पुढच्या हंगामात वळते करू’ असे सांगून कुटुंबाला वाडीवर धाडले जाते. म्हणजे बिल्डरच्या उधारीचा बोजा अखेर साखळीतल्या सर्वांत गरीब माणसाने उचललेला असतो. बाजारभावापेक्षा हजारी पाचशे रुपये स्वस्त वीट मिळाल्याचा आनंद मानण्याआधी ते पाचशे कोणाच्या मजुरीतून आले, हेही विचारायला हवे.

एमएसएमई विकास अधिनियम 2006 नुसार सूक्ष्म व लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उद्यम नोंदणी असलेली भट्टी या कायद्याच्या संरक्षणात येते. वेठबिगारी रोखण्याचा विचार यात नसला, तरी हंगामअखेरीस वेळेवर पैसे देणे हा खरेदीदाराच्या हातातला सर्वांत परिणामकारक उपाय आहे. पैसे देताना अट घालता येते: मजुरांचा हिशेब पूर्ण झाल्याची, कुटुंबनिहाय आणि वाचून दाखवलेली यादी.

मोठ्या कंपनीला पुरवठादार तपासायला बाहेरचे परीक्षक नेमावे लागतात. लहान कंपनीची भट्टी मोटारसायकलच्या अंतरावर असते, आणि हा तिचा मोठा फायदा. हंगामात एक-दोनदा, न सांगता जावे. मजुरांपाशी त्यांची स्वतःची वही किंवा कार्ड आहे का, आधार कार्ड कोणाकडे आहे, आजारी पडल्यास गावी जाता येते का, मुले शाळेच्या वेळेत कुठे असतात, एवढे पाहिले तरी चित्र उभे राहते. बोलणे शक्यतो बाईने बाईशी करावे, मालक शेजारी नसताना. मालकासमोर विचारलेल्या प्रश्नाला ‘सगळं बरं आहे’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. वीट सोडून ब्लॉक वापरायला लागलो की प्रश्न मिटला, असेही काहींना वाटते. दगडखाण, खडी आणि रेती तरीही साखळीत राहतेच.

कंपनीच्या स्वतःच्या साइटवर हेच निकष लागतात. मजुरी ठेकेदाराच्या खात्यात एकरकमी जात असेल आणि मजुरांची एटीएम कार्डे त्याच्याच खिशात असतील, तर हजेरीपटावरच्या सह्यांना अर्थ नाही. मजुरी थेट मजुराच्या खात्यात जावी. वर्षात 90 दिवस काम केलेल्या मजुराला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते आणि त्यासाठी लागणारे कामाचे प्रमाणपत्र काम देणाऱ्याने द्यायचे असते. ते देण्यात टाळाटाळ करणाऱ्यांची संख्या लाज वाटावी इतकी आहे.

भट्टीवर वेठबिगारीची लक्षणे दिसली तर ऑर्डर तडकाफडकी रद्द करणे ही पहिली चूक ठरते. मालक सावध होतो, कुटुंबे हिशेबाविना रातोरात हलवली जातात आणि पुरावाही जातो. माहिती आधी तहसीलदार, प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमण्याची तरतूद कायद्यातच आहे. ठाणे-पालघर-रायगड भागात 1982 पासून काम करणाऱ्या श्रमजीवी संघटनेसारख्या संघटनांची मदतही घेता येते. मुक्त झालेल्या मजुराला केंद्राच्या योजनेतून तातडीचे 30 हजार रुपयांपर्यंत आणि पुढे प्रकारानुसार एक, दोन किंवा तीन लाख रुपयांचे पुनर्वसन सहाय्य मिळू शकते. त्यासाठी मुक्ती प्रमाणपत्र लागते. ते मिळेपर्यंत पाठपुरावा करणे हेही खरेदीदाराच्या कामात धरावे.

पुढच्या हंगामाचा बयाणा पावसाळ्यातच वाटला जातो. म्हणून विटेचा दर, पैसे देण्याची मुदत आणि हिशेबाची अट भट्टीमालकांना ऑगस्टच्या आत लेखी कळवावी. दिवाळीनंतर घातलेल्या अटीचा त्या वर्षीच्या कुटुंबांना काही उपयोग होत नाही.